आंब्याच्या लॉटची नोंद पॉलिगॉनवर ठेवण्यासाठी कोणती एपीआय सेवा घ्यावी?

प्रश्न : वागळे_इस्टेट (ठाणे)

नमस्कार. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची लहान सॉफ्टवेअर कंपनी आहे. देवगड आणि रत्नागिरीकडच्या काही बागायतदारांच्या गटासाठी सध्या आम्ही एक प्रणाली तयार करत आहोत. त्यांचा हापूस वाशीच्या फळबाजारात उतरतो आणि तिथून मुंबई-ठाण्यातल्या किरकोळ विक्रेत्यांकडे जातो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही बाहेरचा आंबा कोकणातला म्हणून विकला जातो ही बागायतदारांची दर हंगामातली तक्रार आहे. म्हणून माल बागेतून निघतानाच लॉटची नोंद ब्लॉकचेनवर करावी, पेटीवर क्यूआर कोड लावावा आणि ग्राहकाने तो स्कॅन केल्यावर त्याला बाग, तोडणीची तारीख व लॉट क्रमांक दिसावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) सॉलिडिटी भाषेत लिहून झाले आहे. व्यवहाराचे शुल्क कमी असल्याने पॉलिगॉन ही साखळी (ब्लॉकचेन) नक्की केली आहे. प्रश्न आहे तो नोडचा, म्हणजे साखळीशी जोडून देणाऱ्या संगणकाचा. इन्फ्युरा, अल्केमी, क्विकनोड, चेनस्टॅक आणि अँकर या नोड पुरवणाऱ्या सेवांची दरपत्रके आम्ही शेजारी ठेवून पाहिली, पण कोणी विनंत्या मोजतो, कोणी क्रेडिट मोजतो, तर कोणी कंप्यूट युनिट, त्यामुळे आमच्या कामासाठी नेमके कोण परवडेल याचा अंदाज येत नाही. गुढीपाडव्यापासून मेअखेरपर्यंत वापर प्रचंड असेल, अक्षय्य तृतीयेच्या आसपास तर सर्वाधिक, आणि उरलेले वर्ष जवळपास शून्य. अशा हंगामी वापराला मोफत योजना पुरेल का, की स्वतःचा नोड चालवणे शहाणपणाचे ठरेल? शिवाय सेवा पारखताना नेमके काय तपासावे, हेही ज्यांनी अशी प्रणाली प्रत्यक्ष चालवली आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर : महापे_बॅकएंड

दरपत्रकांपासून सुरुवात करू नका, कारण दरपत्रकात तुमचा वापर लिहिलेला नसतो. आधी आपल्या प्रणालीतून साखळीकडे कोणकोणते कॉल जातात याची यादी करा. ती हाती आली की निम्मा निर्णय आपोआप होतो.

कंप्यूट युनिट आणि क्रेडिट यांमागचा विचार सरळ आहे. सगळ्या विनंत्यांचा भार नोडवर सारखा पडत नाही. ताज्या ब्लॉकचा (व्यवहारांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक विचारणे अगदी हलके काम आहे, पण 'गेट लॉग्ज' वापरून हजारो ब्लॉकमधल्या इव्हेंट (कॉन्ट्रॅक्टने सोडलेल्या नोंदी) शोधायला लावणे जड काम आहे, आणि व्यवहाराचा संपूर्ण माग काढणारे 'ट्रेस' प्रकारचे कॉल त्याहून जड. म्हणून एकाच सेवेचे बिल दोन प्रकल्पांसाठी कितीतरी पटींनी वेगळे येऊ शकते. स्वस्त कोण, हे तुमचे कॉल कोणते आहेत त्यावर ठरते.

तुमच्या बाबतीत सर्वांत मोठा खर्च लिहिण्याचा नसून वाचण्याचा असेल, आणि त्यातलाही बराचसा अनावश्यक असेल. ईथर्स किंवा व्हीएम (viem) या साखळीशी बोलणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररींमध्ये पान साखळीवरच्या घडामोडींवर लक्ष ठेवून असेल, तर मूळ सेटिंगनुसार दर काही सेकंदांनी नोडला विचारणा होते; समजा, दर चार सेकंदांनी. म्हणजे एका उघड्या पानामागे तासाला ९०० विनंत्या. ग्राहकाने पेटी स्कॅन केली, माहिती वाचली आणि पान बंद न करताच फोन खिशात टाकला, अशी दोनशे पाने उघडी राहिली तर हिशेबाने तासाला १,८०,००० विनंत्या होतात. फोनचा ब्राउझर मागे गेलेल्या पानाला बऱ्याचदा आवर घालतो, पण त्याच्या भरवशावर बिल सोडू नये. तुमच्या पानाला लक्ष ठेवायचेच काही नाही. काल बागेतून निघालेल्या लॉटची नोंद आज बदलणार नाही. ती एकदा वाचायची आणि थांबायचे.

याच कारणासाठी ग्राहकाचे पान थेट नोड-सेवेशी जोडू नका. मध्ये तुमचा सर्व्हर असू द्या. लॉटची नोंद अंतिम झाली की तिची प्रत तिथे साठवा आणि पुढच्या प्रत्येक स्कॅनला तीच प्रत द्या. मग दहा हजार ग्राहकांनी एकाच लॉटच्या पेट्या स्कॅन केल्या तरी साखळीवर एकच वाचन होते. शिवाय एपीआय किल्ली (सेवा वापरण्याचा तुमचा गुप्त संकेत) ब्राउझरमध्ये जात नाही. ब्राउझरमध्ये गेलेली किल्ली कोणालाही दिसते, आणि ती उचलून दुसऱ्याने वापरली की तुमचा कोटा भर हंगामात संपतो. बहुतेक सेवांमध्ये ठरावीक डोमेनपुरती किल्ली मर्यादित करता येते, पण ती सोय सर्व्हरला पर्याय ठरू शकत नाही, कारण ब्राउझरबाहेरून येणाऱ्या विनंतीत डोमेनचे नाव खोटे घालणे कठीण नसते.

आता आर्काइव्ह नोडविषयी, म्हणजे साखळीची सगळी जुनी स्थिती जपणाऱ्या नोडविषयी, कारण या एका शब्दापायी लोक महागड्या योजना घेतात. साध्या पूर्ण नोडकडे कॉन्ट्रॅक्टची स्थिती सर्वसाधारणपणे शेवटच्या १२८ ब्लॉकपुरतीच उपलब्ध असते. पॉलिगॉनवर दर दोन सेकंदांच्या आसपास ब्लॉक येतो, म्हणजे हा काळ जेमतेम सव्वाचार मिनिटांचा झाला. 'मार्चच्या अमुक दिवशी या लॉटची स्थिती काय होती' असा प्रश्न कॉन्ट्रॅक्टला विचारायचा असेल तर आर्काइव्ह नोडच लागतो. पण नोंद करताना कॉन्ट्रॅक्टने इव्हेंट सोडला असेल, तर तो लॉगमध्ये राहतो आणि साधा पूर्ण नोडही तो शोधून देतो. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये प्रत्येक नोंदीला इव्हेंट आहे ना, आणि त्यात लॉट क्रमांक 'इंडेक्स्ड' (थेट शोधता येईल असा) आहे ना, एवढे आजच तपासा. इव्हेंट नसेल तर आत्ताच कॉन्ट्रॅक्ट बदला, कारण हंगाम सुरू झाल्यावर ते जड जाईल.

'गेट लॉग्ज' वापरताना एका विनंतीत किती ब्लॉक मागता येतात, ही मर्यादा प्रत्येक सेवेची आणि प्रत्येक योजनेची वेगळी असते. मोफत योजनांमध्ये ती फारच आखडती असू शकते. दरपत्रकाच्या मुख्य पानावर हे सहसा दिसत नाही, ते तांत्रिक दस्तऐवजात शोधावे लागते.

स्वतःच्या नोडचा विचार या कामासाठी सोडून द्या. पॉलिगॉनच्या नोडला अनेक टेराबाइटची वेगवान एसएसडी लागते, दोन वेगळे प्रोग्रॅम सतत चालते ठेवावे लागतात आणि साखळीत सुधारणा आली की ठरलेल्या ब्लॉकच्या आधी ते अद्ययावत करावे लागतात. नऊ-दहा महिने रिकाम्या बसणाऱ्या प्रणालीसाठी हा खर्च आणि ही जबाबदारी पेलण्यात अर्थ नाही.

उत्तर : वाशी_हिशेब

तांत्रिक बाजूवर मी बोलत नाही, पण अशा सेवांची बिले भरणाऱ्या काही लहान कंपन्यांचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे पैशांबद्दल थोडे लिहितो.

या बहुतेक सेवा डॉलरमध्ये बिल लावतात आणि कार्डावरून दरमहा रक्कम वळती करतात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे अशा आवर्ती कपातीसाठी आधी ई-मॅन्डेट (कपातीची आगाऊ परवानगी) नोंदवावे लागते, आणि १५,००० रुपयांवरच्या सर्वसाधारण कपातीला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. वापरानुसार बिल असेल तर नेमक्या गर्दीच्या महिन्यात ते ही मर्यादा ओलांडते, कपात नाकारली जाते आणि खाते गोठते. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत हे घडलेले आहे. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याची किंवा बीजकावर पैसे देण्याची सोय आहे का, हे सेवा घेण्याआधी विचारून घ्यावे.

परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्जने १८ टक्के आयजीएसटी तुम्हाला भरावा लागतो. नोंदणी असेल तर त्याचे क्रेडिट सहसा मिळते, पण त्यासाठी बीजक कंपनीच्या नावावर असले पाहिजे, एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नको. व्यवहारशुल्कासाठी पॉलिगॉनचे जे पॉल टोकन विकत घ्याल तेही आभासी डिजिटल मालमत्तेत मोडते. १ जुलै २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणावर एक टक्का करकपातीची तरतूद आहे, तेव्हा किती घेतले आणि शुल्कापोटी किती खर्चले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि आपल्या सीएंना दाखवा.

उत्तर : ऐरोलीकर_नोड

महापे_बॅकएंड यांच्याशी सहमत आहे. मात्र एक सेवा निवडून थांबू नये, किमान दोन ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे सविस्तर मांडतो.

११ नोव्हेंबर २०२० रोजी इन्फ्युरा काही तास विस्कळीत झाली. त्यांच्या नोडवर गेथ या इथेरियम नोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती चालू होती आणि त्या आवृत्तीतल्या दोषामुळे ते नोड मुख्य साखळीपासून फुटले. इथेरियम स्वतः चालू होते, पण मेटामास्क वॉलेटच्या असंख्य वापरकर्त्यांना ते बंद पडल्यासारखे वाटले आणि बायनान्ससारख्या एक्स्चेंजनेही काही काळ इथर काढणे थांबवले. साखळी विकेंद्रित असली तरी तिच्याकडे पाहण्याची आपली खिडकी एकाच कंपनीची असते, आणि ती मिटली की आपल्यापुरती साखळीच नाहीशी होते. वाशीला पहाटे माल उतरत असताना हे घडले तर बागायतदारांना काय सांगणार?

दुसरी सेवा जोडणे अवघड नाही. ईथर्समध्ये 'फॉलबॅक प्रोव्हायडर' आहे, व्हीएममध्ये 'फॉलबॅक ट्रान्सपोर्ट' आहे. अट एकच : तुमचा कोड मानक जेसन-आरपीसी (नोडशी बोलण्याची सर्वमान्य पद्धत) कॉलवरच उभा असला पाहिजे. एनएफटी, टोकन शिल्लक किंवा वेबहुक यांसाठी प्रत्येक सेवा स्वतःची खास एपीआय देते आणि ती सोयीची असते यात शंका नाही, पण ती वापरली की दुसरीकडे जाण्याचा रस्ता अरुंद होतो. तुमच्या कामात त्यातले काहीही लागत नाही.

वाचनासाठी दोन सेवा बिनधास्त वापराव्यात, लिहिताना मात्र काळजी हवी. व्यवहारावर सही तुमच्या सर्व्हरवर करा आणि नॉन्स (खात्याच्या व्यवहारांचा क्रमाने वाढणारा आकडा) तुमच्या डेटाबेसमध्ये सांभाळा. प्रलंबित व्यवहार धरून पुढचा नॉन्स कोणता, हे दोन सेवांना विचारले तर दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात, कारण प्रत्येकीला दिसणारे प्रलंबित व्यवहार वेगळे असतात. त्या उत्तरांवर विसंबले की एक नोंद दुसरीच्या जागी बसते किंवा मध्ये फट पडून पुढच्या सगळ्या नोंदी अडकतात. याउलट, आधीच सही केलेला व्यवहार जसाच्या तसा दुसऱ्या सेवेकडून पुन्हा पाठवणे पूर्ण सुरक्षित आहे. नॉन्स तोच आणि हॅशही (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) तोच असल्याने तो दोनदा नोंदला जाऊ शकत नाही. दुसरी सेवा 'हा आधीच माहीत आहे' अशा अर्थाची त्रुटी परत करील, तिला तुमच्या कोडने यश मानायचे. नवी सही करून नवा व्यवहार पाठवणे मात्र टाळा.

नोंद झाली असे कधी म्हणायचे, हाही प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॉलिगॉनवर दीडशेहून अधिक ब्लॉकची फेररचना झाली होती, म्हणजे पावती मिळालेले ब्लॉकसुद्धा बदलले. त्यानंतर साखळीत बऱ्याच सुधारणा झाल्या आणि आता व्यवहार लवकर अंतिम होतो. तरीही पावती हातात येताच पेटीवर कोड लावू नका. 'फायनलाइज्ड' हा ब्लॉक-टॅग वापरून आपला ब्लॉक त्याच्या मागे गेला आहे याची खात्री करा आणि मगच लेबल छापायला सोडा. दोन्ही सेवा हा टॅग पॉलिगॉनसाठी नीट पाळतात का, हे स्वतः चालवून पाहा. माझ्या मते सेवा पारखण्याची सर्वांत उपयुक्त चाचणी हीच आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे इथे इतकी डेटा सेंटर उभी आहेत की आपले काम जवळच कुठेतरी होत असेल असा समज होतो. तुमचा सर्व्हर खरोखर इथे असला तरी सेवेचा नोड अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर प्रत्येक फेरीला २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. सेवेच्या पानावरचे आकडे बाजूला ठेवून, ज्या सर्व्हरवरून प्रणाली चालणार आहे तिथूनच मोजा, आणि तेही दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी.

पुन्हा प्रश्नकर्ता : वागळे_इस्टेट

सर्वांचे मनापासून आभार. कॉन्ट्रॅक्टमध्ये इव्हेंट आहे, पण लॉट क्रमांक इंडेक्स्ड नव्हता, तो बदल आजच करत आहोत. दोन शंका उरल्या आहेत. प्रत्येक लॉटला वेगळा व्यवहार करण्याची आमची योजना होती, ती योग्य आहे का? आणि बागायतदाराचे नाव व मोबाइल क्रमांक उघड न करता त्यांचा हॅश साखळीवर ठेवला तर चालेल का?

उत्तर : कळवा_पडताळणी

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तिथे केलेली गोष्ट परत घेता येत नाही. मोबाइल क्रमांकाचा नुसता हॅश ठेवू नका. दहा अंकी क्रमांकांचे एकूण पर्याय फार तर एक हजार कोटी. साधा संगणक त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवून पाहू शकतो, म्हणजे क्रमांक लपलेला नसतोच. वैयक्तिक माहितीसाठी आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क दिलेला आहे. साखळीवरून काहीच पुसता येत नाही. नाव आणि क्रमांक तुमच्या डेटाबेसमध्येच राहू द्या आणि साखळीवर बागेचा निव्वळ सांकेतिक क्रमांक ठेवा.

लॉटनिहाय व्यवहारांऐवजी मी मर्कल ट्री सुचवीन. दिवसभरातल्या सर्व लॉटच्या नोंदींचे हॅश घेऊन संध्याकाळी एकच मूळ हॅश साखळीवर नोंदवायचा आणि प्रत्येक लॉटचा पुरावा सर्व्हरवर ठेवायचा. दिवसाला एक व्यवहार पुरतो, शुल्क नगण्य राहते, नॉन्सची गुंतागुंत जवळपास संपते आणि साखळीवरच्या इव्हेंटची संख्याही तेवढीच कमी होते. मग तुमचा वापर इतका उतरेल की दोन सेवांच्या मोफत योजनांवर हंगाम निघण्याची शक्यता बरीच आहे. गाडी दुपारीच सुटत असेल तर दिवसात दोनदा नोंद करा, पण माल निघण्यापूर्वी मूळ हॅश अंतिम झालेला असलाच पाहिजे. माल विकल्यानंतर केलेल्या नोंदीला कोणी पुरावा मानणार नाही.

आता वर आलेल्या एका सल्ल्यात मला भर घालायची आहे. सर्व्हरवर प्रत साठवून ग्राहकाला तीच दाखवणे बिलाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण मग ग्राहक साखळीवर विश्वास ठेवत नसून तुमच्या सर्व्हरवर ठेवत असतो, आणि तसे असेल तर ब्लॉकचेनची गरजच काय, असा प्रश्न कोणीही विचारील. म्हणून पानावर 'स्वतः पडताळा' असे बटण द्या. ते दाबल्यावर पुराव्याची आकडेमोड ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये व्हावी आणि मूळ हॅश तुमच्या सर्व्हरकडून न घेता एखाद्या सार्वजनिक नोडच्या (आरपीसी) पत्त्यावरून यावा. सोबत पॉलिगॉनस्कॅन या साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या व्यवहाराचा दुवा द्या आणि कॉन्ट्रॅक्टचा सोर्स तिथे प्रमाणित करून ठेवा. शंभरांत एखादाच ग्राहक हे बटण दाबेल, त्यामुळे भार वाढणार नाही, पण निर्यातदार किंवा मोठा खरेदीदार ते नक्की दाबेल.

महाराष्ट्रात या वाटेने आधी काम झालेले आहे. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली इथे सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रे पॉलिगॉनच्या आधारे पडताळता येतील अशी योजना राबवली गेली. कागदाची पडताळणी मात्र पेटीच्या पडताळणीपेक्षा सोपी असते. प्रमाणपत्रावरचा मजकूर आणि त्याचा हॅश जुळला की काम संपले. पेटीतला आंबा बदलून तोच कोड ठेवला तर साखळी काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी पेटी उघडताच फाटेल असे सील लावा आणि एकच कोड वेगवेगळ्या शहरांत स्कॅन होऊ लागला तर इशारा मिळेल अशी सोय ठेवा. ते काम कोणतीही एपीआय सेवा करून देणार नाही.

चाचणीबाबत एक सूचना. जुन्या लेखांत पॉलिगॉनच्या 'मुंबई' टेस्टनेटचे (चाचणीसाठीच्या साखळीचे) पत्ते आढळतील. ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झाले असून आता 'अमॉय' वापरायचे, साखळी क्रमांक ८०००२. त्याच लेखांत शुल्कासाठी मॅटिक लिहिलेले असेल, सप्टेंबर २०२४ पासून त्या जागी पॉल आले आहे. अमॉयवर दोन्ही सेवा जोडा, काम चालू असताना पहिलीची किल्ली मुद्दाम रद्द करा आणि संध्याकाळची नोंद तरीही अंतिम होते का ते पाहा. ते जमले की मुख्य साखळीवरच्या वॉलेटमध्ये संपूर्ण हंगामाला पुरेल एवढे पॉल गुढीपाडव्याच्या आधीच भरून ठेवा आणि शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की तुमच्यापैकी दोघांना तरी संदेश जाईल अशी व्यवस्था करा.